पावणेचार इंचांची होडी

लोरेटा स्वँगरचं चाकूंशी तसं काही वाकडं नव्हतं. कांद्याला एक, पावाला एक आणि सासूने लग्नात दिलेला, कशालाच न चालणारा एक, असे तीन चाकू घरात असले की संसार भागतो, असं तिचं साधं मत होतं. पण जेवणाच्या टेबलावर तिचा ठेवणीतला टेबलक्लॉथ, त्यावर एकोणीस चाकू ओळीने निजलेले, आणि घरचे मालक-मालकीण ओट्याशी उभ्याने सूप पितायत, ही अवस्था तिच्या मताच्या बरीच पुढची होती.

बरं, एकोणीस तरी एकोणीस तऱ्हांचे असावेत! तेही नाही. सगळे एकाच घाटाचे. खिशात मावणारा, मिटणारा चाकू. दोन पाती, एक या टोकातून उघडणारं, दुसरं त्या. मुठीला दोन्ही बाजूंनी हाड लावलेलं. मिटला की दोन्ही टोकं किंचित वर उचललेली दिसतात, थेट नदीत वल्हवायच्या निमुळत्या कनू होडीसारखी, म्हणून या घाटाचं नावच कनू. लोरेटाला सुरुवातीला ते सगळे एकसारखेच दिसायचे. एकदा ती तसं बोलून गेली, तर नॉर्बर्टने दुखावल्या आवाजात विचारलं, "मग तुझ्या बहिणीही एकसारख्याच का?" आता त्या होत्याच एकसारख्या.

तरी ती तक्रार करत नव्हती. म्हणजे तोंडाने करत होती, दिवसभर करत होती, पण मनातून तिने त्या चाकूंपुढे हातच जोडले होते. कारण गेला हिवाळा. नॉर्बर्ट जिल्ह्याच्या घरपट्टी कचेरीतून निवृत्त झाला आणि त्याने बोलणंच सोडून दिलं. भांडण नाही, रुसवा नाही. खिडकीशी बसायचा आणि म्हणायचा, "हं." जेवतोस का? हं. बाहेर बर्फ किती पडलंय बघ! हं. घर तापवायची फर्नेस बिघडलीय, आपण गारठून मरणार आहोत! हं. अख्खं आयुष्य दुसऱ्यांच्या घरांच्या खोल्या मोजत, तिथली माणसं, कुत्री आणि भांडणं घरी येऊन साग्रसंगीत सांगणारा हा माणूस. डॉक्टर म्हणाले, ऋतूचा परिणाम आहे. शेजारचा एल्डन क्रिस्मन म्हणाला, कुत्रा पाळा. लोरेटा रात्री अंगावर पांघरूण ओढून त्याचा श्वास ऐकत जागी राहायची.

आणि मार्चमध्ये जुन्या बाजारातून तिने मुरंब्याच्या बरण्यांचं एक खोकं आणलं. तळाशी हा चाकू. नॉर्बर्टने सहज अंगठ्याच्या नखाने पातं उचललं. पातं निम्म्यावर टक्कन थांबलं, पुढे गेलं, पुन्हा टक्क. नॉर्बर्टने ते मिटलं. पुन्हा उघडलं.

"अगं," तो म्हणाला, "ऐकलंस का?"

लोरेटा बरण्या ठेवायच्या निमित्ताने कोठीत गेली आणि दार लावून चांगली रडली. त्या बरण्या विकणाऱ्या बाईचं भलं होवो, असं तिने देवाला तिथल्या तिथे सांगून टाकलं.

तर असा तो पहिला चाकू. बाकीचे अठरा त्याला सोबत म्हणून आले. त्यांच्याबरोबर नियमही आले. कोणी चाकू उघडा हातात दिला तर उघडाच परत करायचा, दुसऱ्याने उघडलेला आपण मिटायचा नाही. एल्डनने एकदा कुंपणावरून नॉर्बर्टचा उघडा चाकू घेतला आणि भल्या माणसासारखा मिटून परत दिला. नॉर्बर्ट अर्धा दिवस घुश्शात.

"अरे नॉर्ब, मी मिटला तो तुझं बोट कापू नये म्हणून!" एल्डन म्हणाला.

"माझं बोट माझं मी बघेन. नशीब फिरतं असल्याने."

"माझं नशीब चाळीस वर्षं लोकांच्या मोऱ्यांत फिरलंय. आणखी कुठे फिरणार?" एल्डन जन्माचा प्लंबर. कुंपण दोघांत एकच होतं आणि मतं सगळी एल्डनची होती. गंज घालवायला मोरी साफ करायचं औषध वापर, हा त्याचा सल्ला नॉर्बर्टने ऐकला नाही, ही देवाची कृपा. लोरेटा दाताच्या दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घ्यायला बसायची. तिथे फुकट मिळणारे दातांचे ब्रश मात्र सगळे चाकूंकडे वळले. एकदा घाईत तिने भलताच ब्रश तोंडात घातला आणि दिवसभर तिला यंत्राच्या तेलाचे ढेकर येत राहिले.

त्या पहिल्या चाकूची अडचण एकच. पात्याच्या बुडाशी बनवणाऱ्याचं नाव ठोकलेलं असतं. इथे ते पार झिजलेलं. नॉर्बर्टने भिंग लावलं, विजेरी धरली, पेन्सिल घासून पाहिली. काही नाही. शेवटी लोरेटाच म्हणाली, "आमच्याकडे दातांचा साचा घ्यायचा गुलाबी लगदा असतो. बारीकसारीक रेघसुद्धा उमटते त्यात." डॉक्टर फिन्स्टर मनाचे मोठे. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी नॉर्बर्टला पेशंटच्या खुर्चीत बसवलं, त्याला आणि चाकूलाही कागदाचा गळपट्टा बांधला, आणि "थोडासा दाब जाणवेल" असं चाकूला सांगून लगदा दाबला. निघालेल्या साच्यात अक्षरं उमटली: टी. पी. डंकेल, ऑटर रन.

ऑटर रन! म्हणजे हेच गाव! पेनसिल्व्हेनियाच्या या कोपऱ्यात चाकूंचे कारखाने एके काळी गल्लोगल्ली होते, पण सगळे खालच्या अंगाला, पोर्ट विल्कॉक्सला. तिथे चाकूंचं संग्रहालय, तिथे वार्षिक जत्रा, तिथे चाकूवाल्यांचा क्लब. त्या क्लबचा अध्यक्ष हॉलिस बेकविथ याने जत्रेत नॉर्बर्टला विचारलं होतं, "ऑटर रन? तिथे खुर्च्यांचे पाय व्हायचे ना?" खुर्च्यासुद्धा नाही हो, नुसते पाय! हे वाक्य नॉर्बर्टच्या जिव्हारी लागलं होतं. आता तो खुर्चीतून उठला तो गळपट्ट्यासकट.

"लोरेटा, आपल्या गावात कारागीर होता! बेकविथला दाखवतो आता पाय कोणाचे ते!"

दुसऱ्या दिवशी तो गावाच्या कचेरीत गेला. डंकेलचं घर कुठे, दुकान कुठे, हे जुन्या नोंदींत शोधायचं म्हणजे मिसेस ट्रूडी व्हॅनॅटांची परवानगी हवी. मिसेस व्हॅनॅटा गावाच्या सचिव. गावाला काहीतरी ‘निमित्त’ मिळावं म्हणून ही बाई वर्षानुवर्षं झुरत होती. पोर्ट विल्कॉक्सला जत्रा, वरच्या गावाला भोपळ्यांचा उत्सव, पलीकडे तर वटवाघळांचासुद्धा महोत्सव. ऑटर रनला काय? एक पूल.

"कारण काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"डंकेलच्या कनूचा शोध."

मिसेस व्हॅनॅटांनी पेन खाली ठेवलं. "आपल्या गावात कनू बनायच्या?"

"दिसतंय तसं."

"आणि एखादी शिल्लक आहे?"

"आहे ना. घरी टेबलावर आहे."

"टेबलावर मावते?"

"मॅडम, ती मिटते," नॉर्बर्ट प्रेमाने म्हणाला.

"मिटते? घडीची आहे?"

"घडीची तर! दोन्ही टोकांनी उघडते."

मिसेस व्हॅनॅटांचे डोळे भरून आले. नॉर्बर्टचेही आले. घरी येऊन तो लोरेटाला म्हणाला, "बाई जाणकार आहे हो. एवढ्या आपुलकीने कनूबद्दल मला आजवर कोणी विचारलं नव्हतं." लोरेटाही हरखली. दोघांनी ओट्याशी उभं राहून सुपाबरोबर चेरीची पेस्ट्रीसुद्धा खाल्ली.

मग कार्यक्रमाच्या विम्याचा अर्ज आला. गावातर्फे ऑगस्टमध्ये एक समारंभ करू, त्यात कनू लोकांना दाखवू, असं मिसेस व्हॅनॅटांनी कळवलं होतं, आणि मौल्यवान वस्तूचा विमा हवाच, हे नॉर्बर्टला पटलं. घरपट्टी कचेरीत मुरलेला माणूस, अर्ज कसा भरावा हे त्याला कोणी शिकवायला नको. लांबी: पावणेचार इंच. बांधणी: हाड, पितळ, पोलाद. एका वेळी किती व्यक्ती: एक; मात्र उघडी हातात दिल्यास उघडीच परत करावी.

कचेरीतून फोन आला. "स्वँगर, घाईत काहीतरी चुकलं का हो? पावणेचार फूट ना?"

"इंच, मॅडम."

"मिटल्यावर?"

"मिटल्यावर."

"बाई गं! आणि उघडल्यावर?"

"दोन्हीकडून धरून आठ-नऊ."

"हां, आठ-नऊ. मग बरोबर," मिसेस व्हॅनॅटा म्हणाल्या आणि आठ-नऊपुढे त्यांनी स्वतःच्या अकलेने फूट लिहिलं.

जुलै उजाडला आणि पुलापाशी फलक लागला. नॉर्बर्ट दूध आणायला गेला होता, तो दुधाशिवाय परतला. चेहरा पांढराफटक.

"लोरेटा, फलकावर होडी आहे."

"कसली होडी?"

"होडी! पाण्यातली! तीत दोन माणसं बसलीयत! आणि खाली लिहिलंय, ऑटर रन, जगातल्या पहिल्या घडीच्या कनूचं जन्मगाव!"

लोरेटा आधी हसली. इतकी हसली की तिला ओट्याचा आधार घ्यावा लागला. मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू जागच्या जागी जिरलं. हिवाळ्यातला चेहरा तिला लांबूनसुद्धा ओळखू यायचा.

"उद्या जा आणि सांगून टाक त्यांना," ती घाईघाईने म्हणाली. "गैरसमज आहे म्हणावं. त्यात काय एवढं?"

तो गेला. सांगितलंही. "मॅडम, तो चाकू आहे," असं स्पष्ट शब्दांत सांगितलं. मिसेस व्हॅनॅटा म्हणाल्या, "हो ना, पाणी चाकूसारखी कापत जात असणार! हे वाक्य तुम्ही भाषणात घ्याच." तेवढ्यात लाकडाच्या वखारीचा मालक धक्क्यासाठी फळ्या द्यायला आला, चर्चच्या बायका बटाटा भरलेले करंजीसारखे पिरोगी किती हजार करायचे ते विचारायला आल्या, आणि नॉर्बर्ट घरी आला तो होडी-समितीचा अध्यक्ष होऊन. एल्डन तर पेटलाच होता. त्याच्या गॅरेजात छताला एक ॲल्युमिनियमची कनू लोंबकळत होती, तिला त्याने खाली काढलं, चेपलेली जागा ठोकून दुसरीकडे चेपली आणि जाहीर केलं की पहिल्या होडीत नॉर्बर्ट बसणार, वल्हं तो स्वतः मारणार आणि भाषण नदीतूनच होणार.

"मला पोहता येत नाही," नॉर्बर्ट म्हणाला.

"तुला भाषण करायचंय, पोहायचं कुठे आहे?" एल्डनचं म्हणणं बिनतोड होतं.

यावर नवरा-बायकोंनी ओट्याशी खल केला. ठरलं ते असं: समारंभात नॉर्बर्टने खिशातून चाकू काढावा, सगळ्यांना दाखवावा आणि सांगावं की बाबांनो, होडी नसली तरी चाकू तर आहे! गावच्या कारागिराने गावात बनवलेला! घटकाभर हसतील, मग टाळ्या वाजवतील. अब्रूला फार तर ओरखडा उठेल. तेवढं चालतं. आणि नॉर्बर्ट रोज संध्याकाळी डंकेलबद्दल बोलत राहिला. डंकेलची भट्टी कुठे असेल, हाड कुठून येत असेल, डंकेल डावखुरा होता का. लोरेटा सूप ढवळत ऐकायची आणि मनात म्हणायची, डंकेलसाहेब, तुमचे उपकार कसे फेडू?

ते फेडायची वेळ समारंभाच्या आधीच्या आठवड्यात आली. कवळी सैल झाली म्हणून दवाखान्यात एक म्हातारी आली. नाव सांगितलं, ऑगस्टा डंकेल. नव्वदीच्या पुढची, काठी टेकत, पण डोळे लख्ख. राहायला दूर शेतावर, गावात क्वचित.

लोरेटाने नाव लिहिता लिहिता थांबून विचारलं, "अहो मिस डंकेल, टी. पी. डंकेल तुमचे कोण?"

"आजोबा गं. का?"

"ते चाकू बनवायचे ना?"

म्हातारी हसली तशी कवळी हलली. "चाकू? अगं पोरी, आजोबांना रक्त बघून घेरी यायची. त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. खिळे, दोर, कंदील. चाकू पोर्ट विल्कॉक्सच्या कारखान्यातून यायचे. डझनावारी घेतले की कारखाना दुकानदाराचं नाव ठोकून द्यायचा. लाकूडतोडे घेऊन जायचे, बस."

लोरेटाने म्हातारीच्या कार्डावर आपलंच नाव लिहून ठेवलं.

पोर्ट विल्कॉक्स! जगात इतकी गावं असताना! नदीवर उभा राहून नॉर्बर्ट छाती काढून सांगणार की हा चाकू आमच्या गावचा, आणि समोर बेकविथ असला तर? मिसेस व्हॅनॅटांनी आमंत्रणं कुठे कुठे धाडली होती ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. लोक हसतील ते हसोत. पण हा घरी येईल, खिडकीशी बसेल, आणि ती विचारेल, जेवतोस का? लोरेटाला पुढचा शब्द मनातसुद्धा ऐकवेना.

आठवडाभर ती सांगायला जायची आणि परत यायची. सकाळी टोस्टला लोणी लावत तो शीळ घालायचा. शीळ घालणाऱ्या माणसाला कसं सांगायचं? दुपारी तो एल्डनशी तावातावाने वल्ह्यांवरून भांडत असायचा. त्याचं ते भांडण ऐकून तिला इतकं बरं वाटायचं की ती खिडकी उघडी ठेवायची. नाही सांगवलं. चुलीत जावो ते सत्य, असं म्हणत ती समारंभाच्या दिवसापर्यंत आली.

दिवस लख्ख होता. काठावर गर्दी, पिरोगींचा परतलेल्या कांद्यासकट वास, नदीत रंगीबेरंगी कनूंची झुंबड. शेजारपाजारच्या गावांतली माणसं घरच्या होड्या गाडीच्या टपावर बांधून आली होती. मिसेस व्हॅनॅटा ध्वनिक्षेपकात फुंकर मारत फिरत होत्या. आणि पिरोगींच्या तंबूपाशी, कोट घालून, हॉलिस बेकविथ उभा होता. बरोबर क्लबचे आणखी चौघे.

लोरेटाने नॉर्बर्टचा दंड धरला आणि त्याला तंबूमागे ओढलं.

"नॉर्ब, ऐक. तू चाकू दाखवू नकोस. डंकेलने तो बनवलेला नाही. त्याचं दुकान होतं. चाकू पोर्ट विल्कॉक्सचा आहे. मला त्याच्या नातीने सांगितलं. मी आठवडाभर..."

"माहीत आहे," नॉर्बर्ट म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"दुकान होतं ते. जुन्या वर्तमानपत्रात जाहिरात सापडली. खिळे, दोर, कंदील. फलक लागल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात."

"म्हणजे महिनाभर? अरे, मग रोज संध्याकाळी ती भट्टी, तो डावखुरेपणा, ते काय होतं?"

नॉर्बर्टने पोहता येत नाही म्हणून घातलेल्या तरंगत्या जाकिटाच्या पट्ट्याशी चाळा केला. "तू विचारायचीस ना. दवाखान्यातून आलीस की पर्स ठेवायच्या आधी विचारायचीस, आज काय सापडलं? मी ‘काही नाही’ म्हटलं असतं, तर तुझं तोंड पुन्हा तसं झालं असतं."

"कसं?"

"त्या हिवाळ्यात असायचं तसं. मी काही आंधळा नव्हतो, लोरेटा. बोलता येत नव्हतं, पण दिसत होतं सगळं. तू किती घाबरली होतीस ते रोज दिसायचं."

इतके दिवस लोरेटाला वाटत होतं, आपणच एकट्या या माणसाला सांभाळतोय. तिने त्याच्या जाकिटाचा पट्टा ओढून घट्ट केला, जरा जास्तच घट्ट, आणि नाक पुसलं. "मूर्ख आहेस," ती म्हणाली. "आणि आता काय सांगणार आहेस तिथे जाऊन?"

"तेच कळत नाहीये," नॉर्बर्ट म्हणाला, आणि तेवढ्यात एल्डनने त्याला हाका मारल्या.

कनू काठापासून थोडी पुढे गेली. एल्डन मागे वल्हं धरून, नॉर्बर्ट पुढे ध्वनिक्षेपक धरून. गर्दी शांत झाली. नॉर्बर्टने लोरेटाकडे पाहिलं, बेकविथकडे पाहिलं आणि मान ताठ करून म्हणाला, "मित्रहो, एक खरी गोष्ट सांगायची आहे." खरी गोष्ट बसून सांगणं बरं दिसत नाही, असं त्याला वाटलं असावं, कारण तो उठून उभा राहिला.

कनूत उभं राहायचं नसतं हे तिथे जमलेल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. जगातल्या पहिल्या घडीच्या कनूचा अभ्यासक तेवढा अपवाद. एल्डन ओरडला, "बस!" नॉर्बर्ट म्हणाला, "का?" आणि पुढच्या क्षणी दोघेही नदीत.

लोरेटा किंचाळली. पण पाणी कमरेएवढंच निघालं. नॉर्बर्ट निथळत उभा राहिला, आधी खिशाला हात लावून चाकू चाचपला, मग ध्वनिक्षेपक नसताना, मोठ्याने, उभ्या गावाला सांगायला लागला. "डंकेलने होडी बनवली नाही! ही कनू म्हणजे चाकू आहे! आणि चाकूही त्याने बनवला नाही, तो पोर्ट विल्कॉक्सला बनला! डंकेल फक्त दुकानदार होता! तुम्हा सगळ्यांना माझ्यामुळे उगाच... मला माफ करा!"

तेवढ्यात कोणीतरी धपाधप पाण्यात शिरलं. कोट, बूट, सगळ्यासकट. हॉलिस बेकविथ!

"हाड भिजलंय का?" तो ओरडत होता. "अरे भल्या माणसा, हाड पाण्यात उकलतं! काढ तो आधी! काढ!"

नॉर्बर्टने चाकू काढून पातं उघडलं आणि त्याच्या हातात दिला. बेकविथने तो रुमालाने टिपला, कोटातून तेलाची इवली बाटली काढून दोन थेंब सोडले आणि कमरेएवढ्या पाण्यातच पात्याचं बूड उन्हाकडे धरलं.

"आमच्याच कारखान्याचा," तो म्हणाला. "पण ऑटर रनच्या दुकानाचं नाव? हे असं काही असेल हे आम्हाला माहीतच नव्हतं. अख्ख्या संग्रहालयात नाही. कसं वाचलंत हे? इथे तर काहीच दिसत नाही."

"बायकोने," नॉर्बर्ट म्हणाला. "दातांच्या लगद्याने."

"आम्ही जन्मभर भिंगं घेऊन बसलो!" बेकविथने उघडा चाकू उघडाच परत दिला. "स्वँगर, हा आमच्याकडे ठेवा. काचेच्या पेटीत, मधोमध. तुमच्या दोघांच्या नावाने."

काठावर कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. हसणारे हसत होते, पण खात खात हसत होते, आणि पिरोगी तोंडात असताना माणूस फार वाईट हसत नाही. मिसेस व्हॅनॅटा डोळे टिपत होत्या. लोरेटा धीर करून त्यांना म्हणाली, "मॅडम, फलकाचं काय हो आता?"

"फलकाचं काय?" त्या फणकारल्या. "‘घडीची कनू’ लिहिलंय. मिटते ना ती? मग! ‘पहिली’ आणि ‘जन्मगाव’ एवढं एल्डन रंग फासून झाकून टाकेल. आणि पुढच्या वर्षी दोन दिवसांचं करू या. एका दिवसात पिरोगी संपत नाहीत."

गर्दीतून काठी टेकत ऑगस्टा डंकेल पुढे आली होती. नॉर्बर्ट पाण्यातून वर आला. त्याने एकदा चाकूकडे पाहिलं, एकदा बेकविथकडे, आणि तो खिशातल्या साच्यासकट म्हातारीपुढे धरला.

"मिस डंकेल, तुमच्या आजोबांचा आहे. आधी तुमचा हक्क. अक्षरं दिसणार नाहीत, पण हा साचा बघा."

म्हातारीने तो गुलाबी साचा डोळ्यांशी नेला, मग बोटाने चाचपला. "टी. पी. डंकेल," ती म्हणाली. "दुकान पाडलं तेव्हा पाटी सरपणात गेली. मी सात वर्षांची होते. त्यानंतर हे नाव कुठे लिहिलेलं पाहिलं नाही बघ, थडग्याशिवाय." तिने काठी लोरेटाच्या हातात दिली, दोन्ही हातांनी नॉर्बर्टचा ओला चेहरा धरला आणि म्हणाली, "देव तुझं भलं करो. खिळे मात्र फार चांगले विकायचे हो ते." चाकू तिने स्वतःकडे ठेवला. बेकविथने एवढा मोठा उसासा सोडला की तो त्याच्या बुटांतून आल्यासारखा वाटला, पण चूक आहे असं तोही म्हणाला नाही. उलट, क्लबचा पुढचा मेळावा कधी आहे ते त्याने दोघांना दोनदा सांगितलं.

म्हातारी रिकाम्या हाताने सोडणाऱ्यांतली नव्हती. तिच्या गोठ्यात दुकानातलं उरलेलं सामान पडून होतं. संध्याकाळी स्वँगरांची गाडी घराकडे निघाली तेव्हा मागे बिजागऱ्यांची, कड्यांची आणि कुलपांची खोकी खणखणत होती. लोरेटा गाडी चालवत होती. शेजारी नॉर्बर्ट चर्चच्या टेबलक्लॉथमध्ये गुंडाळून बसला होता आणि बोलत होता. या बिजागरीवर पान कोरलंय, पाहिलंस का? प्रत्येक कारखान्याचं पान वेगळं असणार. हे मेपल आहे की ओक? मेपल असेल तर वरच्या खोऱ्यातलं. आणि खिळ्यांचं डोकं चौकोनी का असावं, याचा कोणी विचार केलाय का? एल्डनला विचारायला हवं, नको, एल्डनला नको. बेकविथला? बेकविथ बरा माणूस आहे, बूट वाया गेले त्याचे, आपण त्याला बूट घेऊ या का? आणि चावी नसलेलं कुलूप दाताच्या लगद्याने...

"नॉर्ब," लोरेटा म्हणाली, "माझं डोकं उठलंय रे. जरा गप्प बसशील का?"

नॉर्बर्ट गप्प बसला. टायरखालची खडी तेवढी वाजत होती. पूल गेला, वखार गेली, चर्च गेलं. लोरेटाने एकदा तिरक्या डोळ्याने पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

पुढच्या वळणावर तिने गाडी हळू केली.

"बरं," ती म्हणाली, "मेपल असलं तर काय म्हणत होतास?"